पतपेढीच्या हिशेबाला एसक्यूलाइट पुरेल का?

दादरवासी (धागाकर्ता): दादरमधील एका छोट्या सहकारी पतपेढीसाठी आम्ही हिशेबाची नवी प्रणाली बांधत आहोत. तीन काउंटर आणि एकच सर्व्हर एवढा पसारा असताना पोस्टग्रेस या सर्व्हर-पद्धतीच्या डेटाबेसऐवजी सगळी माहिती एकाच फाइलमध्ये ठेवणारे एसक्यूलाइट वापरावे, असे माझे मत आहे. त्यात २०१० साली आलेल्या वॅल (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याच्या) पद्धतीमुळे एकाची नोंद लिहिली जात असताना इतरांचे वाचन अडत नाही, आणि एका वेळी एकालाच लिहिता येत असले तरी काउंटरवरचा व्यवहार इतका लहान असतो की दुसऱ्याला ते थांबणे जाणवणारही नाही.

परळकर: वेगाबद्दल माझा आक्षेपच नाही. मात्र एसक्यूलाइटला वापरकर्ता ठाऊक नसतो, परवानगी देण्याच्या आणि काढून घेण्याच्या ग्रँट आणि रिव्होक या आज्ञा तिथे नाहीत. त्यामुळे ज्याला ती फाइल वाचता येते, त्याला प्रत्येक खातेदाराची शिल्लक वाचता येते.

दादरवासी: फाइल वाचण्याची परवानगी फक्त अ‍ॅप्लिकेशनच्या स्वतंत्र खात्याला असेल, लिपिकांना नाही. शिवाय ऑथोरायझर (प्रत्येक आज्ञा तपासणारे फंक्शन) वापरून ठरावीक कॉलम नाकारता येतो आणि एसक्यूएलसायफर या जोड-साधनाने फाइल कूटबद्धही करता येते. छोट्या कार्यालयांत पोस्टग्रेस असले तरी सगळे एकाच सुपरयूझरने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) जोडलेले असतात, हे आपणही पाहिले असेलच.

मुलुंडचा वाचक: दोघांनीही महिनाअखेर विसरू नये. सर्व खात्यांचे व्याज एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एक तर पूर्ण होणाऱ्या, नाहीतर अजिबात न होणाऱ्या एका गटात) चढवले, तर ते संपेपर्यंत काउंटरची एकही नोंद होणार नाही आणि बिझी टाइमआउट (वाट पाहण्याची मर्यादा) उलटला की लिपिकाला त्रुटी दिसेल. ते तुकड्यांत चढवायचे, तर कोणत्या खात्याला व्याज लागले याची खूण त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवावी लागेल. कामगिरीची चाचणी याच प्रसंगाची घ्या. नुसत्या सिलेक्टचे (वाचनाचे) आकडे कुणालाही छान दाखवता येतात. फॉरेन की (तक्त्यांमधल्या दुव्यांची तपासणी) प्रत्येक जोडणीत स्वतः चालू करावी लागते. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करणे म्हणजे बॅकअप नव्हे, त्यासाठी व्हॅक्यूम इन्टू ही आज्ञा आहे. आणि फाइल सामायिक नेटवर्क फोल्डरमध्ये ठेवून प्रत्येक काउंटरवरून उघडण्याचा मोह टाळा, कारण वॅल तिथे चालत नाही.

परळकर: हे सारे मान्य, पण ऑथोरायझर अ‍ॅप्लिकेशनच्या आत चालतो, तीच फाइल दुसऱ्या साधनाने उघडली, तर तो तिथे नसतोच. कूटबद्धतेची किल्लीही सगळ्या फाइलसाठी एकच असते. लेखापरीक्षकाला कर्जाचे तक्ते दाखवायचे आणि ठेवींचे नाहीत, असे उद्या संचालक मंडळाने ठरवले, तर पोस्टग्रेसमध्ये एक भूमिका (ठरावीक परवानग्या दिलेले खाते) पुरते. तुम्ही काय कराल?

दादरवासी: फक्त कर्जाचे तक्ते असलेली वेगळी फाइल रोज रात्री तयार करून देऊ.

परळकर: म्हणजे त्या प्रतींचा हिशेब ठेवणारा माणूसही आता नेमा.