पीएचडी सबमिट झाली, आता पुढे काय? (ऑरगॅनिक केमिस्ट्री, अमळनेर)

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. जळगावच्या उमविमधून (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) ऑरगॅनिकमध्ये पीएचडी करतेय. थीसिस सबमिट झालाय, व्हायवा (शेवटची तोंडी परीक्षा) बहुतेक दिवाळीनंतर. सेट (प्राध्यापकीची राज्याची पात्रता परीक्षा) आहे, नेट (देशपातळीवरची) नाही. वय ३०. घरची कोरडवाहू कपाशी, भाऊ नोकरीला.
तालुक्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) बोलावलंय. गाइड म्हणतात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं काही वर्षांचं संशोधन) कर. मामेभाऊ गुजरातेत अंकलेश्वरच्या केमिकल पट्ट्यात आहे, तो म्हणतो कंपनीत ये. घरचे म्हणतात, कॉलेज जवळ आहे तेच धर, म्हणजे स्थळं बघायला बरं. (पीएचडी म्हटल्यावर स्थळं कशी पळतात, तो वेगळा धागा.)
जे या वाटेने गेलेत त्यांनी नेमकं सांगा. "मनाचं ऐक" छाप सल्ले नकोत, मन रोज वेगळं बोलतंय.

खान्देशी_मास्तर
ताई, आते एक सांगस. कॉलेज कोठे पळी जात नही.
आता मराठीत. मी अनुदानित कॉलेजात कायम आहे, पण माझ्या वेळी भरती होत होती. आज सीएचबीवाल्याला तासाप्रमाणे मानधन, तेही महिनोन्महिने उशिरा, उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. आमच्या भागातल्या एका संस्थेत जागा निघाली की आधी "किती देणार" विचारतात, मग विषय. शिवाय जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट पुरते, पीएचडी सक्तीची नाही. म्हणजे सीएचबीच्या रांगेत तुझी पीएचडी हुकमाचा एक्का राहिलेली नाही. शिकवायची खरंच आवड असेल तर एक सत्र कर, पण त्याच वेळी बाहेर अर्ज चालू ठेव. "पुढच्या वर्षी कायम करू" हे तोंडी आश्वासन धरून बसलेले माझ्या स्टाफरूममध्ये आहेत, त्यांची नावं घेत नाही.

गिरणा_एक्सप्रेस
पोस्टडॉकबद्दल. सरकारी प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएटला २०२३ च्या सुधारणेनंतर तीन टप्पे आहेत: महिना ५८,०००, ६१,००० आणि ६७,०००, वर घरभाडं. स्वतःच्या नावाची हवी असेल तर नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप, आधी सर्ब या केंद्राच्या संशोधन मंडळाची होती, आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफची. दोन वर्षांची, वयोमर्यादा ३५, महिलांना आणि राखीव गटांना ५ वर्षं सवलत. थीसिस सबमिट करून पदवीची वाट बघणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, फक्त पदवी हातात येईपर्यंत रक्कम कमी मिळते. तू बसतेस त्यात.
पण तिथे आधी मेंटर (ज्यांच्या लॅबमध्ये काम करायचं ते प्राध्यापक) लागतो आणि सगळे तिथेच अडकतात. "रिस्पेक्टेड सर" ने सुरू होणारी, चाळीस जणांना एकाच वेळी गेलेली मेल कुणी उघडत नाही. पाच-सहा ओळी लिही: त्यांच्या अलीकडच्या पेपरमधली कोणती रिअॅक्शन तुला पुढे न्यायचीय, तुझ्या हाताला काय येतं (कॉलमने पदार्थ वेगळे करणं, रेणूची रचना ओळखायला टू-डी एनएमआर वाचणं, ओलावा टाळून रिअॅक्शन करणं), आणि कधीपासून येऊ शकतेस. सीव्ही दोन पानांचा. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदाच आठवण.
बाहेर जायचं असेल तर जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला शेवटची तारीख नसते, वर्षभर अर्ज घेतात, पण पीएचडीला चार वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला वर्षातून एकदाच अर्ज, आणि तोवर पीएचडी पूर्ण हवी. तिथे एक मेख आहे: ज्या देशात जायचंय तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. तुला त्याचा त्रास नाही.

रिअॅक्टरवाला
मी अकरा वर्षं अंकलेश्वर-दहेज पट्ट्यात आहे, गाव पारोळ्याजवळ. मामेभावाने काय रंगवून सांगितलं माहीत नाही, पण नीट बघ. क्यूसीत (मालाची गुणवत्ता तपासणी) जाऊ नकोस, तिथे पीएचडी म्हटलं की "ओव्हरक्वालिफाइड" म्हणून बाजूला ठेवतात. तुझी जागा प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे लॅबची रिअॅक्शन कारखान्यात चालेल अशी बसवणं.
मुलाखतीत मी पीएचडीवाल्यांना एकच विचारतो: पाच ग्रॅमला छान चाललेली रिअॅक्शन पन्नास किलोला नेली तर काय बिघडेल? निम्मे लोक पेपरचा इम्पॅक्ट फॅक्टर सांगायला लागतात. खरं उत्तर असं की भांडं मोठं झालं की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी होतो, म्हणून उष्णता बाहेर पडत नाही. लॅबमध्ये बर्फात ठेवून एका मिनिटात घातलेला रिएजंट प्लांटमध्ये काही तासांत, थेंब-थेंब घालावा लागतो, नाहीतर तापमान हाताबाहेर. ढवळणं सगळीकडे सारखं होत नाही, मग इम्प्युरिटी वाढते. आणि पन्नास किलोला कॉलम लावणं परवडत नाही, शुद्ध करायला क्रिस्टलायझेशन (स्फटिक पाडणं) बसवावं लागतं. डायएथिल इथर (पटकन पेट घेणारं) प्लांटमध्ये मागितलंस तर सेफ्टीवाला हाकलून देईल. हे वाचून ये, तुझ्याच थीसिसमधली एक स्टेप घेऊन बोल. समोरचा खुर्चीत पुढे सरकतो.
रेझ्युमेत पेपर शेवटी टाक, वर टाक तू काय बनवलंस, किती स्केलला, किती यील्ड (हाती आलेलं उत्पादन). अमळनेर सुरत लाइनवरच आहे, सणावाराला घरी येणं अवघड नाही. शिफ्ट मात्र आर अँड डीत सहसा नसते, स्केल-अपच्या बॅचच्या वेळी रात्र जाते. ते घरी आधीच सांगून ठेव.

रावेर_केळीवाला
मी शेतकरी, पण केळी आखातात पाठवतो म्हणून लिहितोय. माल जाण्याआधी औषधांचे अंश तपासावे लागतात, त्या लॅबमध्ये केमिस्टच बसतात. क्वेचर्स पद्धतीने नमुन्यातले अंश काढायचे, मग एलसी-एमएस आणि जीसी-एमएस या यंत्रांवर मोजायचे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेची लॅब असेल तर आयएसओ १७०२५ या दर्जाच्या मानकाचं कागदपत्रांचं काम येणारा माणूस त्यांना हवाच असतो. पगार अंकलेश्वरइतका नसेल, पण खान्देशात राहून केमिस्ट्री करायची असेल तर हे बघ.

गिरणा_एक्सप्रेस
@रावेर +१. आणखी एक, कुणी बोलत नाही म्हणून: पेटंट एजंट, म्हणजे लोकांचे पेटंटचे अर्ज लिहून दाखल करणारा. परीक्षा पेटंट कार्यालय घेतं, विज्ञानाची पदवी पुरते, वकिलीची पदवी लागत नाही. दोन लेखी पेपर आणि तोंडी, प्रत्येक लेखी पेपरात ५० आणि एकूण ६० टक्के. ज्याला वाचायला आणि तासन्‌तास एकाच वाक्याशी झगडायला आवडतं त्याच्यासाठी. ज्याला लॅबचा वास आवडतो त्याच्यासाठी नाही.
ठरवता येत नसेल तर सायन्स मासिकवाल्यांची मायआयडीपी नावाची मोफत साइट आहे. कौशल्यं, आवडी आणि मूल्यं असे तीन भाग भरायचे. अमेरिकन छापाची आहे, तिथे सुचवलेली निम्मी कामं आपल्याकडे नाहीत, पण आवडीचा भाग प्रामाणिकपणे भरलास तर नकोशी कामं कोणती ते तरी कळेल.

बोरीकाठ
सगळ्यांचं वाचलं. रिअॅक्टरवाला दादा, माझ्या चौथ्या स्टेपमध्ये ब्युटाइल लिथियम (फार तीव्र रिएजंट) आहे, उणे ७८ अंशांना. हेच बोलू की दुसरी स्टेप घेऊ? आणि गाइडना कंपनीचं सांगितलं तर रेकमेंडेशन बिघडेल का, ही भीती आहे.

रिअॅक्टरवाला
तीच घे! उणे ७८ साठी खास क्रायोजेनिक रिअॅक्टर लागतो, तो सगळ्यांकडे नसतो. तू स्वतःच "ही स्टेप उणे २० ला चालेल का, फ्लोमध्ये (भांड्याऐवजी नळीतून सतत वाहतं ठेवून) चालेल का" असं विचारलंस तर काम झालं. जमलं तर व्हायवाआधी दोन-तीन तापमानांना चालवून बघ, आकडे हातात असू देत.
गाइडना व्हायवाची तारीख लागल्यावर सांग, आधी नको. आणि पत्र कंपनीला सहसा लागत नाही, ते फोन नंबर मागतात.

खान्देशी_मास्तर
सीएचबीवाल्यांना अजून होकार दिला नसशील तर "व्हायवापर्यंत जमणार नाही" एवढंच कळव. ते दुसरा माणूस बघतील, पुढच्या सत्रात परत विचारतीलही.