छप्पर बसलं, बागेचं काय?
वर एकांनी लिहिलंय, निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनकडे दवाखान्यांची छपरं बसली की काम झालं. नाही पटलं. आम्ही सोलापूरकर, समुद्र बघणार तो सुट्टीत. पण बाळीवेशीतला पानवाला अडकित्त्यात धरून कातरतो ती रोठा सुपारी तिकडचीच, निदान तो तरी तसं शपथेवर सांगतो. 3 जून 2020 ला उभ्या बागा आडव्या झाल्या. पोफळ (सुपारीचं झाड) धरायला सहा-सात वर्षं, आणि मदत झाडामागे 50 रुपये! (नारळाला 250.) बीपीची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळेल ओ, तिथवरचं रिक्षाभाडं कुठल्या झाडाला लागतं? लसींना 2 ते 8 अंश गारवा लागतो. वीज नसली तर नव्या छपराखालचा फ्रिज नुसतं कपाट. आधी सौर पॅनल बसवा, आणि रोपांना सावली देणारी केळी लावायला पैसे द्या. वर्षभरात घड हातात येतो.