महिला दिनाचा विषय: रोझलिन कार्टर

नमस्कार मंडळी,

महिला दिनाच्या कार्यक्रमासाठी विषय सुचवा, असं समितीनं कळवलंय. मी रोझलिन कार्टर यांचं नाव सुचवते. आपण अटलांटात राहतो, येता-जाता कार्टर सेंटरची पाटी दिसते, पण अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी यापलीकडे बाईंबद्दल आपल्यात बोलणं होत नाही.

१९६६ साली जिमी जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी पहिल्यांदा उभे होते. पहाटे एका कापडगिरणीच्या दारात रोझलिन पत्रकं वाटत होत्या. रात्रपाळी सुटली. एक थकलेली बाई बाहेर आली, केसांना, कपड्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. घरी जाऊन थोडी झोप मिळेल ना, असं रोझलिननी विचारलं. बाई म्हणाली, घरी मानसिक आजार असलेलं लेकरू आहे, नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून रात्रपाळी करते. त्याच दिवशी जिमींची सभा होती. त्यांच्याशी हस्तांदोलन करायला लोकांची रांग लागली होती, रोझलिन तिच्यात जाऊन उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर नवऱ्याला विचारलं, गव्हर्नर झालात तर मानसिक रुग्णांसाठी काय करणार? ती निवडणूक ते हरले. हा प्रश्न मात्र बाईंनी पन्नासेक वर्षं सोडला नाही. १९७९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १९८० मध्ये मानसिक आरोग्यसेवेचा कायदा झाला, पुढच्याच वर्षी नव्या सरकारनं त्यातलं बहुतेक काढून टाकलं. त्या थांबल्या नाहीत. १९८७ साली जॉर्जियातल्याच अमेरिकस गावी घरच्या रुग्णांची सेवा करणाऱ्यांसाठी संस्था काढली.

२००६ मध्ये दोघं लोणावळ्याजवळ गरिबांची घरं बांधायला आले होते, तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या!

आपली,
अल्फारेटाहून

---

ताई,

विषय उत्तम आहे. मी मूळचा विक्रोळीचा. जिमींच्या आई, लिलियनबाई, पीस कोर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेमधून तिथेच रुग्णसेवेला होत्या, तेही सत्तरीच्या उंबरठ्यावर. त्यामुळे या घराबद्दल आम्हाला पहिल्यापासून आपुलकी.

पण नुसतं भाषण ठेवू नका. रोझलिनबाई म्हणायच्या की जगात माणसं चारच प्रकारची: ज्यांनी कुणाची तरी उस्तवार केली आहे, जे आज करताहेत, ज्यांना पुढे करावी लागेल आणि ज्यांची दुसऱ्यांना करावी लागेल. मी आज दुसऱ्या प्रकारात आहे. हिला विसरण्याचा आजार जडून चार वर्षं झाली. सकाळी ब्लाऊजची बटणं मी लावतो, तेवढ्यात ही तीनदा विचारते, "आई आली का?" फोन येतात ते हिची चौकशी करायला. तुम्ही जेवलात का, असं मला फार थोडे विचारतात. आपल्या मेल-यादीत असे आणखी असणार, कुणी बोलत नाही. लेकाला, सुनेला त्रास नको म्हणून गप्प बसतात. महिन्यातून एकदा आम्हाला एकत्र बसू द्या. गणपतीच्या वर्गणीतून चहा झाला तरी पुरे.

---

काका,

मेल वाचून रडू आलं. मला हे ठाऊकच नव्हतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या घरी बसू, वर्गणीला हात लावायची गरज नाही. समितीला कळवलंय. यायचं असेल त्यांनी यादीवर नाव टाकू नये, मला थेट लिहावं.

त्याआधी या शनिवारी दहा वाजता मी तुमच्याकडे येते. दुपारपर्यंत काकूंजवळ बसेन. तुम्ही केस कापून या, नाहीतर झोपा. काकूंना गव्हाची खीर चालते ना?