प्रतिसाद: नीचांकावरचा शेअर स्वस्तच असतो का?
वर विचारलंय, '५२ आठवड्यांच्या नीचांकावरचा, म्हणजे वर्षभरातल्या सर्वात कमी भावाला आलेला शेअर स्वस्तच ना?' नाही हो. लासलगावला कांद्याचा भाव पडला की आवक वाढलीय की माल सडलाय, हे आपण बघतोच ना? तसंच इथे, भाव का पडला ते आधी बघायचं.

आधी बोनस (कंपनीने दिलेले फुकट शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) झालाय का ते तपासा. १:१ बोनसनंतर, म्हणजे एकावर एक फुकट मिळाल्यावर, भाव साधारण निम्मा होतो. ॲपवर आधीचे आकडे दुरुस्त झाले नसतील तर खोटाच नीचांक दिसतो.

मग एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) साइटवर तिमाही शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत त्याचा तक्ता, उघडा. प्रवर्तकांनी (कंपनीच्या मुख्य मालकांनी) कर्जासाठी गहाण ठेवलेले शेअर वाढत असतील तर लांबच राहा: भाव घसरला की कर्ज देणारा ते विकायला काढतो आणि भाव आणखी कोसळतो. कागदावर नफा, पण कामकाजातून रोकड येत नाही, गिऱ्हाइकांकडची उधारी फुगतेय, हेही वाईटच.

आणि ४०० चा २०० झाला म्हणजे घसरण ५०%, पण परत ४०० ला जायला १००% वाढ लागते.