मुलाच्या घरच्या थेरपीचं वेळापत्रक एआयकडून करून घेतलं, पुढे पाळू का? मदत हवी आहे

नमस्कार. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. सातव्या महिन्यात जन्मला. स्पॅस्टिक डायप्लेजिया, म्हणजे सीपीचाच (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर होणारा परिणाम) प्रकार, पायांत कडकपणा जास्त. जीएमएफसीएस (चालण्याफिरण्याची क्षमता मोजायच्या पाच पायऱ्या, १ सर्वांत सौम्य) लेव्हल ३ सांगितली आहे. वॉकर धरून घरभर फिरतो, आधार सोडून चालता येत नाही. बोलायला मात्र एकदम पक्का, दिवसभर प्रश्न चालू असतात.

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. फिजिओसाठी सोलापूरला जावं लागतं, एसटीनं जाण्यायेण्यात सगळा दिवस मोडतो, म्हणून पंधरा दिवसांतून एकदाच जमतं. मधले दिवस व्यायाम मीच घेते. मॅडमनी वहीत चित्रं काढून चार व्यायाम दिले आहेत. तेच ते करून तो इतका कंटाळलाय की चटई अंथरली तरी रडायला लागतो.

मागच्या महिन्यात जाऊबाईंच्या मुलीनं मोबाईलवर एआयला मराठीत विचारायला शिकवलं. मी वय, निदान, लेव्हल लिहिली आणि बारा आठवड्यांचं वेळापत्रक मागितलं. मिनिटभरात आलं, रोज ४५ मिनिटांचं, आठवड्यागणिक ध्येयं लिहिलेलं. मला रडूच आलं, कारण इतकं सविस्तर आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं.

त्यातलं काही खरंच कामी आलं. उभं राहायच्या सरावासाठी टीपॉयवर परात ठेवून कणकेचा गोळा द्या, असं होतं. एएफओ (घोट्याला आधार देणारा ब्रेस) घालून तो आठ मिनिटं उभा राहिला, भाकरी थापतो म्हणून. एकदाही बसू का म्हणाला नाही.

दुसऱ्या आठवड्यात मांड्या बाहेरच्या बाजूला उघडून ३० सेकंद धरायचा व्यायाम होता. उजवा पाय उघडला. डावा अर्ध्यावर अडला, मी थोडा जोर लावला आणि तो किंचाळला. तो पाय कमी उघडतो हे चड्डी बदलताना मला कायम जाणवायचं. पण मी ते लिहिलं नव्हतं आणि एआयनंही विचारलं नाही. नंतर सांगितल्यावर लगेच म्हणालं, थांबा, डॉक्टरांना दाखवा. मग हे आधी का विचारलं नाही? त्या दिवसापासून मी सगळंच बंद केलंय.

पूर्ण सोडून देऊ, की यातलं काही वापरता येईल? आणि मॅडमना सांगू का? त्यांनी मनापासून केलंय, त्यांना वाईट वाटेल अशी भीती वाटते.

उत्तर

ताई, मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. आधी एक सांगते, डाव्या पायाचं ताणणं बंद केलंत ते बरोबर केलंत. खुब्याचा शेवटचा एक्स-रे कधी काढलाय? सीपीच्या मुलांत साधारण तिघांत एकाचा खुबा जागेवरून सरकतो, आणि लेव्हल वाढते तसा धोकाही वाढतो. सुरुवातीला बरेचदा दुखत नाही, म्हणून दुखो न दुखो, ठरावीक काळानं एक्स-रे काढायचा असतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा कमी उघडणं ही त्याची खूण असू शकते. पंधरा दिवस थांबू नका. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं सरकारी केंद्र) असेल तर तपासणी तिथेही मोफत होते.

आम्ही पाय आधी हळू आणि मग झटकन हलवून बघतो. झटकन हलवल्यावरच अडला तर मेंदूकडून येणारा स्नायूचा कडकपणा, हळू नेऊनही तिथेच अडला तर स्नायू आखडलेला किंवा सांध्यात काहीतरी. दोन्हींचे उपाय वेगळे. हे हाताला कळतं, लिहून पाठवलेल्या निदानावरून कळत नाही.

म्हणून व्यायाम कुठला, किती वेळा, किती जोरानं, हे मॅडमच ठरवतील. एआयला त्यांचे चार व्यायाम द्या आणि सांगा, यात काही बदलू नकोस, फक्त कणकेसारखे खेळ सुचव. ४५ मिनिटं सलग नकोत, दिवसभरात वाटून घ्या. रोज काय झालं ते एआयला बोलून सांगा, त्याची अर्ध्या पानाची नोंद करून घ्या आणि भेटीला न्या. आम्हाला त्याचा फार उपयोग होतो. मुलाचं नाव, फोटो, व्हिडिओ, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) एआयमध्ये टाकू नका.

मॅडमना जरूर सांगा, वेळापत्रकही दाखवा. मला तरी कुणी आई असं घेऊन आली तर आनंदच होईल.

धागाकर्ती

ताई, फाइल काढून बघितली. एक्स-रे दोन वर्षांपूर्वीचा आहे. मॅडमना आत्ताच फोन केला, त्या रागावल्या नाहीत, परवाच बोलावलंय. तोपर्यंत कणकेचा खेळ चालू ठेवू का? सकाळपासून परात मागतोय.

उत्तर

उभं राहताना दुखत नसेल तर ठेवा, पण थोडा थोडा वेळ. डाव्या पायावर वजन घेतोय का, की उजवीकडे झुकतोय, ते मागून बघा आणि परवा मॅडमना सांगा.