मदत हवी आहे: नौपाड्यातला रीसेल फ्लॅट, पहिला करारनामा गहाळ

वन बीएचके, ठाणे स्टेशनला चालत जाता येतं. विकणारे मूळ मालकच. पण बिल्डरशी झालेला १९८४ चा करारनामा हरवलाय, फक्त झेरॉक्स आहे. तो ५ रुपयांच्या स्टॅम्पवर (डिसेंबर १९८५ च्या मुद्रांक नियमबदलापूर्वीचा, म्हणजे मुद्रांक शुल्काची भानगड नसावी), मात्र नोंदणीच नाही, त्यामुळे दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत मिळणार नाही. बिल्डरची फर्मही बंद.

शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, पोलिसांत हरवल्याची तक्रार, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, सगळं झालंय. गृहकर्ज लागणारच. एका बँकेचा वकील इंडेम्निटी बाँडवर (पुढे नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी) तयार, दुसऱ्याला नोंदणीकृत घोषणापत्रच हवं.

बिल्डरच्या सहीशिवाय, एकट्या विक्रेत्याचं घोषणापत्र ठाण्यात नोंदवून कुणाचं कर्ज मंजूर झालंय का? आणि त्याला झेरॉक्स जोडलेली चालली का?