शब्दचर्चा : 'फ्रीक' आणि 'गीक' यांना मराठीत काय म्हणाल?

सबटायटलवाली
मंडळी मदत हवीये. 'फ्रीक्स अँड गीक्स' नावाची जुनी अमेरिकन मालिका आहे, एनबीसीवर १९९९ च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि १२ भाग दाखवून चॅनेलने गुंडाळली, बनले होते १८, उरलेले मग इकडेतिकडे कसेबसे लागले. पॉल फीगची कल्पना, जड अ‍ॅपटाउ निर्माता. मिशिगनमधलं चिपेवा नावाचं काल्पनिक गाव, १९८०-८१ चं शाळेचं वर्ष, लिंडसे वीअर आणि तिचा धाकटा भाऊ सॅम एकाच हायस्कूलात. ती हुशार पण आजी गेल्यापासून तिचं मन कशात लागत नाही, बाबांचं जुनं आर्मीचं जॅकेट अंगात घालून ती 'फ्रीक' टोळक्यात जाऊन बसते, आणि सॅम आपल्या दोन 'गीक' मित्रांबरोबर मार चुकवत फिरतो. घरी आईबाबांना दाखवायचीये म्हणून मी मराठी सबटायटल करतेय, अगदी घरगुती, पण नावालाच अडकून बसलेय. सध्या फ्रीक = वाया गेलेली आणि गीक = स्कॉलर असं टाकलंय पण वाचताना खटकतंय, का ते सांगता येत नाही.

कट्टेकरी
टपोरी आणि घासू. संपला विषय. पुढचा धागा काढा.

सबटायटलवाली
अहो तेच तर नाही ना! सॅम, नील आणि बिल हे तिघं घासू नाहीयेत, तिघांच्या मार्कांचं कौतुक कोणी करत नाही. बिल घरी येतो, एकटाच टीव्हीसमोर बसून खातो आणि खिदळतो, नील मोठ्या माणसांसारखे विनोद मारतो, सॅमचे कपडे आईने घेतलेले. तेवढ्यावर ते गीक. आणि गणिताच्या स्पर्धांना जाणारी खरी स्कॉलर लिंडसे, ती तर फ्रीक लोकांत! म्हणजे आपल्या हुशार-ढ च्या पट्टीवर हे दोन शब्द बसतच नाहीत.

शब्दखोर
बरोबर पकडलंत. गीक शब्दाचा हुशारीशी मुळात संबंधच नव्हता. जुन्या बोलीत गेक म्हणजे मूर्ख, बावळट. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फिरत्या जत्रांमध्ये गीक म्हणजे तो खेळ करणारा माणूस जो तंबूत बसून जिवंत कोंबडीचं नाहीतर सापाचं मुंडकं दाताने तोडायचा, खेळवाल्यांच्या उतरंडीत सगळ्यात खालचा. तिथून तो शाळेत आला. कॉम्प्युटर, पैसा, 'मी टेक गीक आहे' असं छाती फुगवून सांगणं हे सगळं फार नंतरचं, त्यामुळे १९८० मधल्या पोराच्या तोंडी गीक ही शिवीच समजायची.

फ्रीकचंही तसंच, निसर्गाची विकृती या अर्थाने जत्रेतल्याच तंबूतला शब्द, दोन डोक्यांचं वासरू वगैरे. पण साठच्या दशकात हिप्पींनी तो स्वतःहून कपाळाला लावून घेतला, हो आम्ही फ्रीक, बोला काय म्हणणं आहे. म्हणजे शीर्षकातले दोन्ही शब्द एकाच जत्रेतून आलेत पण एकाने ती शिवी अंगावर मिरवलीय आणि दुसऱ्याला ती चिकटवलीय. हा फरक मराठीत आला तर मजा, नाहीतर दोन्हीकडे 'विचित्र मुलं' होऊन बसेल.

जाता जाता, नर्ड. १९५० मध्ये डॉ. स्यूसच्या एका बालपुस्तकात ते एका काल्पनिक प्राण्याचं नाव म्हणून छापलं गेलं आणि १९५१ मध्ये न्यूजवीकने बातमी दिली की डेट्रॉइटकडे आता बावळट मुलाला नर्ड म्हणायला लागलेत. म्हणजे तुमच्या मालिकेच्या अगदी शेजारचाच शब्द.

मिशिगनकर
डेट्रॉइटचं नाव निघालं म्हणून खास लॉगिन केलं, इकडेच राहतो ना. ही मालिका इथल्या उपनगरांची आहे, फीग स्वतः माउंट क्लेमन्सचा, आणि मोटारींचे कारखाने हे इथलं सगळ्यात मोठं सत्य. पेनेलोपी एकर्ट नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी नेमक्या याच काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, डेट्रॉइटच्या उपनगरी हायस्कूलांत पोरांमध्ये बसून अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९८९ ला आलं. तिथली पोरं फ्रीकपेक्षा 'बर्नआउट' म्हणायची आणि समोरच्या गटाला 'जॉक', मधल्या सगळ्यांना नुसतं 'मधले'. जॉक म्हणजे नुसता खेळाडू नव्हे बरं का, शाळेच्या समित्या, नाच, निवडणुका सगळं करणारा, पुढे कॉलेजला जाणारा, बहुतेक बऱ्या घरचा. बर्नआउट कामगारांच्या घरचे, त्यांना शाळेकडून काही मिळणार नव्हतं म्हणून ते शहराकडे, नोकरीकडे बघायचे. दोघांच्या जागासुद्धा वेगळ्या, जॉक कॅन्टीनमध्ये जेवणार आणि बर्नआउट बाहेर चौकात सिगरेट ओढत उभे (हो, तेव्हा शाळेत विद्यार्थ्यांना सिगरेट ओढायला अधिकृत जागा असायची, मालिकेतही दिसते). पँटचा पाय खाली किती रुंद यावरून पोरगं कुठल्या गटातलं ते ओळखता यायचं. आणि बाईंचा मुख्य शोध असा की दोघांचे स्वरही वेगळे, शहराकडून येणारे नवे उच्चार बर्नआउट आधी उचलायचे.

म्हणून फ्रीकला 'वाया गेलेली' नको वाटतं. तो शेजारच्या काकांचा निकाल झाला. फ्रीक हे पोरं पोरांना म्हणतात.

वऱ्हाडी ठेचा
मिशिगनकर भाऊंनी शेवटी जे म्हटलं ना त्यातच खरी गोम हाय. आपल्याकडचे शब्द बघा, वाया गेलेला, उनाड, उडाणटप्पू, वाह्यात, मवाली, हे समदे मोठ्यांच्या तोंडचे. पोरं एकमेकाले असं म्हणतच नाहीत. आमच्या शाळेत एकेकाले वेगळं नाव होतं, ढापण्या, बुटक्या, जाड्या, काड्या, एक बयताड होता त्याले बयताडच म्हणत, पण गटाले नाव? नव्हतं. नाव होतं ते तुकडीले. अ तुकडी म्हणजे इस्त्रीवाले अन् ड तुकडी म्हणजे आम्ही. सर वर्गात यायच्या आधीच सांगून मोकळे, ड आहे ना, मग काय अपेक्षा. अन् खरं सांगू का, आम्ही ते मिरवायचो, गॅदरिंगले आमची ड तुकडी म्हणून वेगळा आवाज यायचा. शब्दखोर म्हणतात तशी अंगावर घेतलेली शिवी आमच्यापाशी तीच एक होती. 'ड तुकडी' टाकून बघा ताई.

सबटायटलवाली
ठेचा, तुम्ही कमाल केलीत. मालिकेत अगदी हाच प्रसंग आहे! डॅनियल नावाचा फ्रीक (जेम्स फ्रँको) गणिताची चोरलेली परीक्षा घेऊन येतो आणि लिंडसेला सांगतो की सहावीत असताना बाईंनी सगळ्यांना तीन ट्रॅकमध्ये टाकलं, पहिल्यात हुशार, दुसऱ्यात नॉर्मल, तिसऱ्यात ढ, मला तिसऱ्यात टाकलं, लहानपणीच कोणी सांगितलं की तू ढ आहेस तर पोराने काय करायचं. लिंडसे विरघळते, त्याला कॉपी करायला मदत करते. भागाच्या शेवटी दोघं पकडले जातात आणि ऑफिसात डॅनियल हीच गोष्ट, तोच चेहरा, तोच रडवेला सूर, पुन्हा सुरू करतो तेव्हा लिंडसेला हसूच आवरत नाही. म्हणजे गोष्ट खरी असेलही पण तो ती वापरतोय. हा भाग मी 'तिसरा ट्रॅक' असं ठेवून करत होते, काहीच कळत नव्हतं. 'मला ड तुकडीत टाकलं' म्हटलं की आईबाबा एका वाक्यात समजतील.

पण मग गीकला काय? अ तुकडी तर नाहीच.

कट्टेकरी
शामळू.

शब्दखोर
कट्टेकरी, यावेळी तुम्हाला सलाम. शामळू मध्ये अभ्यास येत नाही, आईने भांग पाडून पाठवलेला, मारामारीत मागे राहणारा, खेळाच्या तासाला शेवटी निवडला जाणारा येतो, आणि तो बिल तर तसाच. फक्त 'शामळू' एकेकट्याला म्हणतात, टोळीला नाही. शीर्षक मराठी करू नका, 'फ्रीक्स अँड गीक्स' तसंच ठेवा, आत प्रसंग बघून शब्द बदला. पोरगा पोराला ढकलताना म्हणतो तिथे शामळू, फ्रीक स्वतःबद्दल बोलतात तिथे 'आम्ही ड तुकडीवाले', आणि आई लिंडसेच्या नव्या मित्रांबद्दल काळजी करते तिथे तुमचं 'वाया गेलेली' चपखल बसेल, कारण तिथे बोलणारं माणूस मोठं आहे.

पुणेरी पाटी
आउटसायडर साठी 'उपरा' हा सुंदर शब्द असताना कोणाला सुचू नये याचं आश्चर्य वाटलं.

वऱ्हाडी ठेचा
सुचला होता, टाकला नाही. लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० चं आहे, म्हणजे तुमची मालिका ज्या साली घडते तेच साल, ८१ मध्ये साहित्य अकादमी. तिकडं पोराले कोणी टेबलावर बसू देत नाही म्हणून तो बाहेरचा अन् इकडं गाढवावर बिऱ्हाड टाकून अख्खी कैकाडी जमात गावाबाहेर. तोच शब्द अमेरिकेतल्या बंगल्यात राहणाऱ्या सॅमले लावायचा म्हणजे जरा जास्तच होते. 'वाळीत टाकलेला' चंही तसंच, त्यात जातपंचायत बसलेली असते.

मिशिगनकर
+१. बिलला वर्गात कोणी शेजारी बसवून घेत नाही, एवढंच आहे ते.

सबटायटलवाली
मान्य, उपरा नको. अजून दोन विचारू का, एक 'कमिंग ऑफ एज' चं, प्रस्तावनेत लिहायचंय. 'वयात येण्याची गोष्ट' लिहिलं तर आई भलतंच समजेल.

शब्दखोर
समजेलच, मराठीत मुलगी वयात आली म्हणजे पाळी आली, विषय तिथेच थांबतो. 'पौगंडावस्था' मध्ये डॉक्टरांचा वास येतो. लिंडसेसाठी 'शिंगं फुटणे' वापरा की, त्यात वय आहे, बंड आहे, आणि म्हणणाऱ्याचा वैतागही आहे. 'शिंगं फुटायच्या वयातली गोष्ट'. सॅमला अजून फुटायची आहेत पण चालतंय.

सबटायटलवाली
मस्त! दुसरा जरा अवघड. पहिल्याच भागात ईलाय नावाचा विशेष मुलगा आहे, बाकीची पोरं त्याची टिंगल करतात, लिंडसे त्याची बाजू घ्यायला जाते, तो म्हणतो ते माझे मित्र आहेत, आणि ती समजावण्याच्या भरात त्याच्याबद्दल 'रिटार्डेड' हा शब्द बोलून जाते जो आता अमेरिकेत अपमानास्पद धरतात. तो चिडून पळतो, पडतो, हात मोडतो. तिथे 'गतिमंद' लिहू का? आजचा शब्द तोच आहे ना.

शब्दखोर
नका लिहू. 'मतिमंद' लिहा. तेव्हा तिकडे तो शब्द डॉक्टरांचा, सरकारी कागदावरचाही होता आणि मैदानावरची शिवीही, आपल्याकडे 'मतिमंद' अगदी तसाच, शाळेच्या पाटीवरही होता आणि पोरांच्या तोंडातही. लिंडसेला वाटतं ती पाटीवरचा शब्द बोलतेय, ईलायला ऐकू येतो तो मैदानावरचा. गुळगुळीत शब्द टाकलात तर तो पळतो का हेच कळणार नाही.

कट्टेकरी
मॅथलीट ला गणितवीर करा. मॅथ आणि अ‍ॅथलीट जोडून केलेला शब्द आहे तो, वीर मध्ये थट्टाही येते.

सबटायटलवाली
घेतला. आणि शेवटच्या भागाचं बघा, डॅनियल फायर अलार्म वाजवतो म्हणून शिक्षा मिळते ती प्रोजेक्टर चालवणाऱ्या एव्ही क्लबात जायची, तिथे सगळे शामळू. ते त्याला डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र घेऊन खेळायचा खेळ, खेळायला बोलावतात, हा त्यात कार्लोस नावाचा बुटका होऊन इतका रमतो की तो गेल्यावर पोरांना प्रश्न पडतो, याला आपल्यात परत खेळायचंय म्हणजे हा आपल्यासारखा झाला की आपण भारी झालो? इथे आता 'ड तुकडीवाला शामळू झाला' असं लिहिता येईल, काल हे वाक्य माझ्याकडे नव्हतंच.

मिशिगनकर
वडिलांचं काय केलंत? हॅरॉल्ड वीअर, खेळाच्या सामानाचं दुकानवाले. जेवणाच्या टेबलावर कोणाचंही उदाहरण देतात, अमका सिगरेट ओढायचा, तमका शाळा बुडवायचा, आणि प्रत्येक गोष्टीचा शेवट एकच, तो मेला.

सबटायटलवाली
ते एकमेव वाक्य आहे ज्याला विचार करावा लागला नाही. 'माहितीये काय झालं त्याचं? मेला!' बाबा स्वतः हेच म्हणतात, तोच सूर, जेवतानाच.